अब्बांची पेटी आणि एक नुक्ता

२२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात शिरले. आदल्याच दिवशी बकरी ईद झाली होती. मोरीत धुवायची पातेली तशीच पडली होती, मुलांचे नवे कपडे दोरीवर होते. चिपळूणकरांना त्या दिवसाचे वर्णन सांगायला नको. पाणी उंबऱ्याला लागले तसे आम्ही मुलांना आणि अम्मींना घेऊन शेजारच्या गच्चीवर गेलो. अब्बा मात्र जिन्यातून दोनदा मागे फिरले. त्यांना त्यांची पत्र्याची पेटी आणायची होती. दुसऱ्या वेळी आम्ही हात धरून त्यांना वर ओढले. पेटी आम्ही आणू दिली नाही, हे पुढे कितीतरी दिवस घरात कोणी बोलून दाखवले नाही. ठाऊक मात्र सगळ्यांना होते.

त्या पेटीत काय होते ते सांगायला हवे. अब्बा सुतार. १९८१ पासून पंधरा वर्षे ते बहारीनला एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथला इंग्रज सुपरवायझर मायदेशी परतताना त्यांना मासिकांचा एक गठ्ठा देऊन गेला. काही अंक इंग्लंडच्या 'द वुडवर्कर'चे, ज्याची सुरुवात १९०१ मधली. काही अमेरिकेच्या 'फाइन वुडवर्किंग'चे, जे १९७५ मध्ये सुरू झाले. अब्बांचे शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी त्यांना येत नव्हते, पण आकृती आणि मापे ते पुस्तकासारखी वाचत. जुम्म्याच्या सुट्टीत खोलीवर बसून ते त्यातले नमुने ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेत. जाळ्या, वेली, कंगोरे, रेहलच्या पायांचे आकार. अशा चार जाड वह्या झाल्या होत्या. सुट्टीवर आले की त्यातला एखादा नमुना निवडून, हाताच्या फ्रेटसॉने कापून, ते घरात काहीतरी बनवत. आमच्या घरातली रेहल, घड्याळाची चौकट, आपाच्या निकाहात दिलेला आरसा, सगळे त्या पेटीतून आलेले.

पाणी ओसरल्यावर पेटी सापडली, पण आत चिखल होता. गुळगुळीत कागदाची मासिके भिजून वाळली की पाने एकमेकांना अशी चिकटतात की वीट होते. ओले असतानाच एकेक पान हलक्या हाताने सोडवून मध्ये कोरा कागद घालायचा असतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. वह्यांमधली शाई धुऊन गेली होती. अब्बांनी तो लगदा अंगणात दोन दिवस उन्हात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच कचऱ्याच्या गाडीत टाकला. एक शब्द बोलले नाहीत.

आम्ही दोघेही शिक्षक. उर्दू आणि मराठी या आमच्या शिकवण्याच्या भाषा आणि घरातल्याही. त्या वर्षी शाळा फोनवर भरत होती आणि थोरला मुलगा दिवसभर त्याच फोनला चिकटलेला असे. त्यानेच एकदा जेवताना विषय काढला, "बडे अब्बा, तुमची मासिकं नेटवर असतील की! शोधू या."

शोध सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात आमचे डोळे दिपले. काही मासिकांचे प्रकाशक स्वतःच जुन्या अंकांचा संपूर्ण डिजिटल संग्रह पैसे घेऊन देतात. अब्बांचे 'फाइन वुडवर्किंग' त्यातलेच एक. काही गोष्टी रीतसर मोफतही आहेत. 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकाचे १९०५ ते २००५ या शंभर वर्षांतले बरेच अंक गूगल बुक्सवर पानन् पान वाचता येतात आणि त्यात सुतारकामाचे कितीतरी लेख आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या १९९६ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल ग्रंथालयात कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तके मिळतात.

आणि तिसरी वाट होती, ती सर्वांत सोपी. एका ओळखीच्या माणसाने आम्हाला एक हार्डडिस्क भरूनच दिली. मासिकांच्या पीडीएफ, स्क्रोल सॉचे नमुने, खुर्च्या, खेळणी, अक्षरे, जाळ्या. मोजल्या तेव्हा सहा हजारांवर फाइली होत्या. कुठून आल्या, कोणी स्कॅन केल्या, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही तो आकडा कौतुकाने सांगत होतो. अब्बांची शंभर मासिके गेली, अल्लाहने सहा हजार दिली, असेही म्हणून झाले.

एका संध्याकाळी अब्बा म्हणाले, "ती खजुराच्या झाडाची जाळी असेल बघ त्यात. मधे खोड, दोन्ही बाजूंना पाती, खाली आठ कोनांची चौकट." आम्ही कंप्युटर लावला. फाइलींची नावे 'स्कॅन ००४७', 'नवीन फोल्डर (३)', 'फायनल', 'फायनल २' अशी. एकच अंक चार ठिकाणी, चार नावांनी. पाऊण तास आम्ही एकेक फाइल उघडत राहिलो आणि अब्बा शेजारी खुर्चीवर बसून राहिले. शेवटी उठता उठता म्हणाले, "पेटीत मला लाइट गेली तरी सापडायचं."

हे आम्ही हसण्यावारी नेले. तेव्हाच जागे व्हायला हवे होते.

२०२३ साली थोरल्याची दहावी झाली आणि अब्बांनी त्याला एक स्क्रोल सॉ मशीन घेऊन दिले. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिलाई मशीनसारखेच ते टेबलावर बसते. सुईच्या जागी दोरीसारखे बारीक ब्लेड असते, दोन्ही टोकांना आवळलेले, आणि ते वर-खाली चालते. ब्लेड जागचे हलत नाही. प्लायचा तुकडा हाताने फिरवत नेऊन आकार कापायचा. नमुन्याचा कागद प्लायवर चिकटवायचा आणि त्यावर पारदर्शक टेप लावायची, म्हणजे ब्लेड तापून लाकूड करपत नाही. आतला भाग कापायचा असेल तर आधी ड्रिलने एक बारीक भोक पाडायचे, ब्लेड एका टोकाने सोडवून त्या भोकातून ओवायचे आणि पुन्हा आवळायचे. शंभर खिडक्यांची जाळी असेल तर हे शंभर वेळा. अब्बांचे हात आता थरथरतात, मशीनला ते हात लावत नाहीत; पण शेजारी बसून आवाजावरून सांगतात की ब्लेड सैल झाले आहे की बोथट.

मुलगा पटकन शिकला. अकरावीला असताना त्याने आपाच्या नव्या घरासाठी बिस्मिल्लाहची पाटी करायला घेतली. अक्षरे आरपार कापायची आणि मागे हिरवे मखमली कापड लावायचे, असा बेत. यात एक अडचण असते. मीमचा किंवा हेचा आतला पोकळ भाग चारही बाजूंनी कापला की सुटून खाली पडतो. म्हणून नमुना काढणारा तिथे बारीकसा पूल ठेवतो. नुक्ते मात्र सोपे, प्रत्येक नुक्त्याला एक भोक. त्या सहा हजारांतून त्याने एक नमुना निवडला, मोठा करून छापला आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी त्यावर बसला. पाटी तयार झाली तेव्हा आम्ही दोघांनी ती हातात घेऊन पाहिली. पॉलिशवरून हात फिरवला, मागचे कापड सरळ लागले आहे का ते पाहिले. अब्बांनी काठ तपासले. माशाअल्लाह म्हणून आम्ही ती बांधली आणि खेडला आपाच्या घरी नेऊन दारावर लावली. दुआ झाली, जेवणे झाली. मुलाच्या पाठीवर सगळ्यांनी हात ठेवले.

अकरा दिवसांनी आपाच्या सासूबाईंचा फोन आला. त्यांनी आपाला नव्हे, आम्हालाच केला होता. आवाज खाली होता. म्हणाल्या, "बेटा, रागवू नका. रोज फजरला त्या दाराकडे तोंड करून मी तसबीह घेऊन बसते. आज चष्मा नवा आला. शेवटच्या शब्दाखाली एक नुक्ता जास्त आहे. मी पाटी उतरवून कपाटात ठेवलीय. सुनेला सांगितलं, खिळा सैल झालाय."

आम्हाला शब्दच फुटेना. बिस्मिल्लाहचा शेवटचा शब्द 'रहीम'. त्यातल्या बडी हेखाली एक नुक्ता दिला की तिची जीम होते आणि शब्द 'रजीम' होतो. रहीम म्हणजे परम दयाळू. रजीम म्हणजे धिक्कारलेला. तअव्वुज़मध्ये शैतानासाठी येतो तोच शब्द. अकरा दिवस तो दारावर होता. त्याखालून माणसे सलाम करत आत-बाहेर करत होती.

घरी आम्ही मूळ फाइल उघडून मोठी करून पाहिली. बडी हेखाली खरोखरच एक काळा ठिपका होता. जुन्या झेरॉक्सवर काचेवरच्या धुळीने उमटतो तसा. शेजारीच येचे दोन नुक्ते, त्यामुळे तो त्यांच्याच ओळीत बसला होता. मूळ चित्र लहान, दोनदा स्कॅन झालेले. मोठे करताना ठिपकाही मोठा झाला. मुलाने कागदावर जे होते ते इमानदारीने कापले होते.

आम्ही त्याला थोडे रागावलोच. नाज़रा कुरआन पूर्ण केलेल्या मुलाला हे दिसू नये? त्याने ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "मी तीन आठवडे अक्षर बघत नव्हतो, रेष बघत होतो. रेष सोडली की ब्लेड तुटतं. पण पाटी तुम्ही पण बघितली होती ना? तुम्ही तर उर्दू शिकवता."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलांच्या वह्यांमध्ये चुकलेल्या नुक्त्याभोवती रोज लाल गोल करणारे आम्ही. पण वर्गातल्या वहीवर संशय घ्यायची आम्हाला सवय आहे. कंप्युटरवरून छापून आलेल्या स्वच्छ कागदावर संशय घ्यायची नाही. त्यातून सहा हजार फाइलींचा डोंगर पाठीशी असला की वाटते, एवढे जमवणाऱ्याने पाहूनच जमवले असेल. जमवणारा कोण? जमवले तर आम्हीच होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तो डोंगर उपसायला बसलो. घरातले सगळे. अब्बा मधोमध.

पहिला प्रश्न अब्बांनीच टाकला. आम्ही म्हणत होतो की मासिके तर तुमच्याकडेही कोणी तरी दिलेलीच होती. ते म्हणाले, "ती साहेबानं विकत घेतलेली, त्याच्या हातानं माझ्या हातात दिली. ही कोणी दिली?" यावर फार चर्चेची गरज उरली नाही. कोणी तरी महिनोन्‌महिने बसून नमुने काढतो, तपासतो, त्यावर त्याचे घर चालते. त्याच्या मेहनतीची नक्कल त्याला न विचारता आपण घरात भरून ठेवावी आणि तिच्यावर बिस्मिल्लाहची पाटी कापावी, हे आमच्या मनाला पटेना. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या कृतीवर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. म्हणजे हा कायद्याचाही मामला आहे आणि अमानतीचाही. जे अंक अजून विकत मिळतात, त्यांच्या फुकटच्या प्रती आम्ही पुसल्या. मुलगा दोन दिवस नाराज होता. मग आम्ही अब्बांच्या आवडत्या मासिकाचे एक वर्षाचे डिजिटल सभासदत्व घेतले आणि त्यांनी बहारीनमध्ये पाहिलेला एक अंक पडद्यावर उघडला. अब्बांनी चष्मा पुसला. दोन्ही वेळा आम्ही दुसरीकडे पाहिले.

दुसरे काम नोंदीचे. शाळेत एक खुर्ची आली तरी डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद होते. कधी आली, कुठून आली, कोणी तपासली. तसेच एक रजिस्टर आम्ही केले. साधी फुलस्केप वही आणि तीच माहिती कंप्युटरवर. अनुक्रमांक, नमुन्याचे नाव, मूळ कुठले, वर्ष व पान, प्लायची जाडी, परवानगी, तपासणाऱ्याची सही. परवानगीचा रकाना महत्त्वाचा. बऱ्याच नमुन्यांवर बारीक अक्षरात लिहिलेले असते की वस्तू बनवून विकायला हरकत नाही, पण नमुना दुसऱ्याला देऊ नये. काहींवर असते की फक्त घरगुती वापरासाठी. ते वाचून त्या रकान्यात लिहायचे. ज्याचे मूळच सापडत नाही ती फाइल वहीत येत नाही, आणि वहीत नाही ती कंप्युटरवर राहत नाही.

फाइलींना मराठीत नावे दिली. 'जाळी, अष्टकोन, ६ मिमी', 'रेहल पाय, १२ मिमी'. मासिकाच्या नावाने फोल्डर केले की प्रकाशकाला बरे; सुताराला 'मला चौकट करायची आहे' असा शोध घ्यायचा असतो. म्हणून फोल्डर वस्तूंच्या नावाने केले आणि मासिकाचे नाव वहीत ठेवले.

मापाचाही एक धडा मिळाला. अमेरिकन नमुने त्यांच्या 'लेटर' कागदासाठी असतात. तो २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय राहिला की प्रिंटर चित्र गुपचूप लहान करतो. ६ मिलिमीटर प्लायसाठी ठेवलेली खाच साधारण ५.८ची होते आणि दोन तुकडे एकमेकांत जात नाहीत. आमचे दोन ट्रे असेच वाया गेले होते आणि दोष आम्ही प्लायला दिला होता. आता छापताना शंभर टक्के ठेवतो आणि कापण्याआधी पट्टी लावून एक माप ताडून पाहतो.

तिसरे काम आम्ही आमच्याकडे घेतले. ज्या नमुन्यात अक्षर आहे, तो दोन सह्यांशिवाय कापायचा नाही. एक सही वाचणाऱ्याची, दुसरी न कापणाऱ्याची. वाचणाऱ्याने मुसहफ उघडून, बोट ठेवून, अक्षर अक्षर आणि नुक्ता नुक्ता ताडायचा. पाठ आहे म्हणून नजर पुढे पळवायची नाही. पाठ असलेली गोष्ट डोळे वाचतच नाहीत, हे त्या पाटीने आम्हाला शिकवले.

चौथे, प्रती. पुराने जे शिकवले ते विसरायचे नव्हते. एक प्रत कंप्युटरवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक खेडला आपाच्या घरी, वाशिष्ठीपासून दूर. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तिन्ही उघडून पाहतो.

सहा हजारांतून चारशे अकरा उरले. आकडा आता कोणाला सांगण्यासारखा नाही, पण मागाल तो नमुना दोन मिनिटांत मिळतो.

या सफाईत एक खजिनाही लागला, आणि तो कोणाचा हक्क न मारता मिळाला. ज्यूल बुर्गोआँ या फ्रेंच अभ्यासकाचे अरबी जाळीकामाच्या रेखाटनांचे पुस्तक १८७९ मध्ये पॅरिसला छापले गेले; पानापानावर तारे, षट्कोन, अष्टकोन. आणि हँकिन नावाच्या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने, जो आग्र्याला नोकरीला होता, मुघल इमारतींवरचे हे आकार काढायची कारागिरांची पद्धत शोधून काढली. फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामात गिलाव्यावर त्याला कारागिरांनी आखणीसाठी ओढलेले पुसट ओरखडे दिसले. त्यावरून त्याने ताडले की आधी बहुकोनांची मांडणी आखायची, मग त्यांच्या बाजूंच्या मध्यातून रेषा काढायच्या, आणि शेवटी बहुकोन पुसून टाकायचे. भारतीय पुरातत्त्व खात्याने १९२५ मध्ये त्याची ही पुस्तिका छापली. आम्ही ती अब्बांना समजावून सांगायला बसलो, तर तेच म्हणाले, "हे तर आमचे उस्ताद करायचे. कागदावर कधी लिहिलं नाही एवढंच." मुलाने त्याच दिवशी परकार आणि पट्टी आणली. आता दोघे जाळ्या स्वतःच आखतात.

पाटीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. अब्बांनी सागाची तीन मिलिमीटरची बारीक खुंटी तासली, फेविकॉल लावून त्या भोकात बसवली, पॉलिश पेपरने घासली. थरथरत्या हाताने या कामाला त्यांना एक दुपार लागली. मुलाला त्यांनी हात लावू दिला नाही. पाटी पुन्हा आपाच्या दारावर आहे. सासूबाईंनी चष्मा लावून ती आधी वाचली, मग खिळा ठोकायला सांगितला. जवळून पाहिले तर भरलेली जागा अजून कळते.

खजुराची ती जाळी मात्र कुठल्याच अंकात मिळाली नाही. गेल्या रमज़ानमध्ये तरावीहनंतर अब्बा रोज थोडा वेळ कागद घेऊन बसत. ईदच्या आधी त्यांनी तो कागद आमच्यापुढे ठेवला. मधे खोड, दोन्ही बाजूंना पाती, खाली आठ कोनांची चौकट. आम्ही तो स्कॅन केला, मोठा करून धुळीचे ठिपके पुसले आणि अनुक्रमांक चारशे बारा लिहिला. मूळच्या रकान्यात त्यांनी स्वतः उर्दूत लिहिले, 'बहारीन, आठवणीतून'. पुढच्या रकान्यापाशी थांबून विचारले, "परवानगीत काय लिहू?"

तुमचीच लिहा, आम्ही म्हणालो. रकाना रिकामा असेल तर फाइल आत जात नाही. त्यांनी सही केली.